समितीचा संगणक मौन धरतो

विवाह समितीचा कुठल्याही लग्नाला विरोध नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण समितीही प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तेच सांगते. रायपुरात गोल बाजारामागच्या एका गल्लीत स्नेहवर्धक मराठी समाजाची दुमजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर ही समिती बसते. भोसल्यांच्या काळात इकडे येऊन स्थिरावलेल्या घराण्यांच्या पोरापोरींच्या पत्रिका जुळवून द्यायच्या आणि पुढचं ज्याचं त्यानं पाहायचं, एवढंच तिचं काम. जात, पोटजात, रंग, असले मागासलेले प्रश्न समिती कोणालाही विचारत नाही. ती फक्त संगणकाला विचारते.

हा संगणक १९९४ साली आला. कैलासवासी वामनराव हे समाजातले पहिले कॉम्प्युटर शिकलेले गृहस्थ. त्यांनी त्यात पत्रिका जुळवायचा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'मंगलमेळ'. वधूवरांची नावं, आडनावं आणि जन्मवेळा भरल्या की यंत्र वीसेक मिनिटं घरघरायचं. तेवढ्यात मंडळींचा चहा-चिवडा व्हायचा. मग प्रिंटर किंचाळत किंचाळत, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद बाहेर ढकलायचा. कागदावर छत्तीसपैकी किती गुण जुळले ते असायचं, आणि खाली 'उत्तम' किंवा 'मध्यम'.

कधीकधी मात्र कागद निघायचाच नाही. पडदा काळा व्हायचा, त्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ढिगारा कोसळायचा आणि यंत्र गप्प. अशा वेळी समितीचे अध्यक्ष चारुदत्तकाका चष्मा काढायचे, पुसायचे आणि शेरा सांगायचे, "यंत्र मौन. स्थळ अयोग्य." त्यावर अपील नव्हतं. ताऱ्यांच्या वर कोणतं कोर्ट असतं, तुम्हीच सांगा.

यंदा उन्हाळ्यात हा संगणक वारला. आतून धूर आला, जळक्या वायरीचा वास सुटला आणि सगळं संपलं. समितीनं शोकसभा घेतली, दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की समाजातली लग्नं थांबली. नवा संगणक घ्यावा, अशी सूचना कोणीतरी केली. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं उरलेला चिवडासुद्धा खाल्ला नाही. नव्या संगणकाचे तारे वेगळं काही बोलले तर? जुन्या जोडप्यांचं मग काय करायचं?

म्हणून सौमित्र वझलवारला बोलावणं गेलं. सौमित्र चौबे कॉलोनीत राहणारा, नवा रायपूरला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा, हुशार, निर्व्यसनी आणि आईचा शब्द खाली पडू न देणारा पोरगा. त्याच्या स्वभावात एकच खोट होती. समोरासमोर काही सांगायची वेळ आली की त्याला अचानक दुसरं काम आठवायचं.

तो आला ते मात्र धावतच आला, आणि त्याला कारण होतं. त्याला नीलिमा रामटेके हिच्याशी लग्न करायचं होतं. नीलिमा गावातल्याच गुढियारी वस्तीतली, रेल्वेत सिग्नल विभागात इंजिनिअर. तिचे वडील देवीदास रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे, बौद्ध. दोघांची ओळख कॉलेजपासूनची. नीलिमा वाट पाहून थकली होती आणि आता तिनं सरळ सांगितलं होतं, दिवाळीच्या आत घरी ये आणि बोल, नाहीतर ती बिलासपूरची बदली घेऊन मोकळी होईल.

सौमित्रनं आईजवळ विषय काढला होता. म्हणजे आई दळण निवडत असताना तिच्या पाठीमागे उभा राहून काढला होता. आई, सरोजिनीबाई, काही वाईट बाई नव्हती.

"मले काय म्हणायचं आहे रे बाप्पा?" ती म्हणाली. "पोट्टी चांगली आहे. हसते, बोलते, नोकरी आहे. मी काय जातपात पाहून राहिली का? समितीतून कागद तेवढा निघू दे. सगळ्यांचा निघतो न, आपलाच काहून नको?"

सौमित्रला हायसं वाटलं. कागद ही त्याच्या आवाक्यातली गोष्ट होती.

मेलेल्या यंत्राची हार्ड डिस्क जिवंत होती. तिच्यातला सगळा माल त्यानं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि त्यात एक एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे काय, हे समितीला समजावताना त्याला घाम फुटला. शेवटी तो म्हणाला, "काका, हा नव्या यंत्रात बसलेला जुन्या यंत्राचा बहुरूपी आहे. जुना प्रोग्राम आत चालतो अन् त्याले वाटते की आपण अजून आपल्या जुन्याच घरी आहो. बाहेर जग बदललं, ते त्याले समजतच नाही."

"वा," काका म्हणाले. समितीला ही व्यवस्था फार पटली.

पहिलीच चाचणी फसली. सौमित्रनं नावं भरली, बटण दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर एकतीस गुण आले. चहा अजून गाळलासुद्धा नव्हता.

"हे चालणार नाही," काका म्हणाले. "इतक्या घाईघाईत कुठं लग्नं जमतात का? ग्रहांना फिरायला वेळ नको?"

सौमित्रनं एम्युलेटरचा वेग कमी केला. कमी करत करत वीस मिनिटांवर आणला. मग कोणाला तरी आठवलं की पूर्वी यंत्र घरघरायचं. घरघर नसली की वधूपित्यांना भरवसा वाटत नाही. त्यानं घरघर घातली. मग लॅपटॉपच्या पातळपणावर हरकत आली; एवढ्याशा वहीएवढ्या वस्तूत नवग्रह मावतील, हे ज्येष्ठ सभासदांना पटेना. तेव्हा जुन्या संगणकाचा पिवळा पडलेला डबा आतून पोकळ करून त्यात लॅपटॉप ठेवला गेला, डब्याला झेंडूचा हार घातला गेला, आणि वर भिंतीवरून वामनराव फोटोतून त्याच्याकडे पाहू लागले.

त्यानंतर एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले, ट्यूबलाइट विझली, आणि यंत्र मात्र डब्यात घरघरत राहिलं, कारण लॅपटॉपला बॅटरी होती. याची समितीनं गंभीर दखल घेतली. वीज गेली की बंद पडायचं आणि आली की पहिल्यापासून सुरू करायचं, ही जुन्या यंत्राची तीस वर्षांची शिस्त होती. सौमित्रनं बॅटरी काढून टाकली.

तारखेवर मात्र मतभेद झाला नाही. 'मंगलमेळ'चं दोन हजार सालाशी कधीच पटलं नव्हतं. तारीख पुढची दिली की तो अडायचा. म्हणून जुन्या यंत्रातही कायम १९९४ सालच ठेवलेलं असायचं. एम्युलेटरमध्येही तेच ठेवलं. त्यामुळे कागदावर वधूचं वय उणे चार आणि वराचं उणे दोन असलं काहीतरी यायचं. काकांना यात वावगं वाटत नव्हतं. उलट, ज्यांचा अजून जन्मच झाला नाही त्यांच्याबद्दल यंत्राच्या मनात पूर्वग्रह असायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळं समितीच्या मनासारखं झालं तेव्हा सौमित्रनं आपली आणि नीलिमाची नावं घातली. नीलिमाच्या घरी पत्रिका ठेवायची पद्धत नव्हती. जन्मवेळ विचारली तर तिनं आईला फोन लावला. तिची आई कलावतीबाई म्हणाली, "दुपारची वेळ होती. हिचे बाबा डोंगरगडची गाडी घेऊन गेले होते, अन् यायच्या आधी ही आली." तेवढ्यावरून त्यानं दुपारचे दोन धरले. बटण दाबलं. यंत्र घरघरलं. चहा झाला, चिवडा झाला, आई पदर सावरून प्रिंटरजवळ जाऊन उभी राहिली. आणि पडदा काळा झाला.

इंग्रजी आकड्यांचा ढिगारा आला. प्रिंटर ढिम्म हलला नाही. काकांनी चष्मा काढला.

"यंत्र मौन," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "स्थळ..."

"थांबा काका," सौमित्र म्हणाला. "प्रोग्राम पडला आहे. मी पाहून सांगतो."

आईनं डोळे टिपले. "मी काय म्हटलं का काही?" ती जिना उतरताना सारखी म्हणत होती. "माझं तर काहीच म्हणणं नव्हतं."

संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठावर नीलिमानं सगळं ऐकून घेतलं. ती भुट्टा खात होती.

"यंत्र गप्प बसलं," ती म्हणाली. "अन् तू?"

"मी काय?"

"तू काय म्हणाला तिथं?"

"मी म्हटलं, पाहून सांगतो."

नीलिमा हसली, पण फारशी नाही. "सौमित्र, आमच्याकडे एक नियम आहे. सिग्नल विझलेला दिसला तर ड्रायव्हर त्याला लाल धरतो. हिरवा असेल का पिवळा असेल, असा विचार करत बसत नाही. गाडी थांबवतो."

"अगं, एक बग आहे फक्त. मले सापडेल तो."

"ढूँढ ले," ती म्हणाली, आणि भुट्ट्याचं दांडकं गाईपुढं टाकून स्कूटर काढली.

सौमित्रला त्या बोलण्यातलं फक्त 'ढूँढ ले' ऐकू आलं. त्यानं ऑफिसातून सुट्टी घेतली आणि डिबगर उघडून बसला. डिबगरमध्ये चालता प्रोग्राम पाहिजे तिथं थांबवता येतो, त्याच्या पोटात काय चाललंय ते पाहता येतं, मग एकेक पाऊल पुढं चालवता येतं. माणसांसाठी असं काही निघालं तर विवाह समित्या बंद पडतील, म्हणून बहुधा निघत नसावं.

प्रोग्राम पडायचं कारण त्याला लवकरच कळलं. वामनरावांनी 'मंगलमेळ' प्रोटेक्टेड मोडमध्ये चालेल असा लिहिला होता. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. त्याआधीचे साधे प्रोग्राम म्हणजे बिनकुंपणाचा पारा, म्हणजे इकडची जुनी वस्ती. कोणीही उठावं आणि शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत जावं. प्रोटेक्टेड मोड म्हणजे आमची चौबे कॉलोनी. ज्याला त्याला आखून दिलेलं कंपाउंड. आपल्या कंपाउंडात काय वाटेल ते करा, पण भिंतीपलीकडे नुसता हात जरी गेला तरी खालचं यंत्र सगळं काम जागच्या जागी थांबवतं आणि पंचनामा पडद्यावर टाकतं. नीलिमाच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. प्रोग्रामचा हात भिंतीबाहेर गेला होता. प्रश्न एवढाच होता की तो तिथं काय शोधत होता.

सौमित्र पाऊल पाऊल मागे गेला. वीस मिनिटं प्रोग्राम अगदी इमानेइतबारे ग्रहांचं गणित करत होता. चंद्र कुठं, मंगळ कुठं, नाडी कोणती, गण कोणता, एकही पायरी चुकत नव्हती. वामनराव मोठा मेहनती माणूस. शेवटी सगळ्याची बेरीज करून प्रोग्रामनं गुण एका जागी लिहिले, आणि पुढच्याच ओळीला पुसून टाकले. त्या जागी त्यानं एका तक्त्यातला आकडा आणून ठेवला. तक्ता आडनावांचा होता. उभी समाजातली घराणी, आडवी तीच घराणी, आणि जिथं दोन घराणी भेटतील तिथं आकडा आधीच भरलेला. वझलवार आणि अमके, एकतीस. वझलवार आणि तमके, एकोणीस. रामटेके हे नाव तक्त्यात नव्हतंच. ते शोधता शोधता प्रोग्राम तक्त्याच्या बाहेर गेला आणि भिंतीवर आदळला.

सौमित्रला संताप आला. खरंच आला, त्याचे कान गरम झाले. तीस वर्षं जे स्थळ मौन झालं, ते मंगळामुळे नव्हे, आडनाव यादीत नाही म्हणून. अशी पाचसहा प्रकरणं तर त्यालाच माहीत होती. वरच्या गल्लीतल्या शारदाताईंचं भिलाईच्या एका मुलाशी असंच मौन झालं होतं, आणि त्या अजून दर शनिवारी शनीला तेल वाहत होत्या.

तो तडक चारुदत्तकाकांच्या घरी गेला. काका अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. सौमित्रनं मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो त्यांच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. ताऱ्यांचा हिशेब पुसला जातो. तक्त्यातला आकडा छापला जातो. समाजाची तीस वर्षं फसवणूक झाली आहे.

काकांनी झारी खाली ठेवली.

"फसवणूक कोणाची रे?" ते म्हणाले. "तो तक्ता आम्हीच बसून सांगितला वामनरावला. तुझे आजोबा होते, मी होतो. चार रविवार लागले."

सौमित्रनं मोबाइल खाली केला.

"पाह्य," काका समजुतीनं म्हणाले, "कोणाचं कोणाशी जमते अन् कोणाचं नाही, हे सगळ्या समाजाले आधीपासूनच ठाऊक होतं. पण तोंडानं सांगावं लागे. घरी चहा पिऊन मग नाही म्हणायचं म्हणजे किती जिवावर येते, तुले नाही कळणार. भांडणं होत, सोयऱ्याधायऱ्यांत बोलणं बंद होई. म्हणून तर कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून कोणी कोणाले दुखवलं नाही."

"मग ते वीस मिनिटं तारे कशाले मोजायचे?"

"अरे, ताऱ्यांचाही मान राखला पाहिजे," काका जरा दुखावून म्हणाले. "त्यांचं आपण ऐकून घेतोच."

"मग आता रामटेके नाव तक्त्यात टाका, काका."

काकांनी हा प्रस्ताव शांतपणे ऐकला. विरोध केला नाही, करतच नसत. तक्त्यात नाव घालायचं तर ठराव लागतो. ठराव कोणीतरी मांडावा लागतो, दुसऱ्यानं अनुमोदन द्यावं लागतं, म्हणजे दोन माणसांना सभेत उभं राहून बोलावं लागेल. समितीच्या इतिहासात असा प्रसंग आला नव्हता.

"तू मांडतोस का?" काकांनी विचारलं. "तू सभासद आहेस. मांडू शकतोस."

सौमित्रनं कुंडीतल्या गुलाबाकडे पाहिलं. सभा त्याच्या डोळ्यांपुढं आली. पहिल्या रांगेत आई, पदर तोंडाला. "बघतो," तो म्हणाला.

काकांनी पुन्हा झारी उचलली. "नाहीतर एक कर," ते पाणी घालता घालता, जणू गुलाबालाच सांगत होते. "तुझ्या त्या डिबगरमध्ये काय चालते ते समितीले काही समजत नाही. कागद निघाला तर निघाला. कागदाले आमचा विरोध नाही."

हा मार्ग सौमित्रला एकदम पसंत पडला. यात कोणाशी बोलायचं नव्हतं. त्यानं प्रोग्राममधली ताऱ्यांचा हिशेब पुसणारी ओळ बंद केली आणि तक्त्याकडे जाणारी वाट बुजवली. आता छापले जाणार होते ते खरे, ताऱ्यांचे गुण. तीस वर्षांत पहिल्यांदाच ग्रहांच्या मेहनतीचं चीज होणार होतं. खात्री करायला त्यानं आधी आईबाबांची नावं घातली. तक्त्यानं त्यांना एकतीस दिले होते. ताऱ्यांनी नऊ दिले. सौमित्रला बाबा असतानाचा त्यांचा संसार आठवला आणि तारे अगदीच चुकत नसावेत असं त्याला वाटून गेलं. मग त्यानं आपलं आणि नीलिमाचं घातलं.

अकरा.

आता आली पंचाईत. अठराच्या खाली समिती 'मध्यम'सुद्धा देत नाही. सौमित्र खुर्चीत मागे टेकला. तारे थोतांड आहेत, हे त्याचं ठाम मत होतं; ते मत त्यानं नीलिमाला कितीदा ऐकवलं होतं. म्हणून त्यानं डिबगरमध्ये प्रोग्राम छपाईच्या अगदी आधी थांबवला, अकराच्या जागी स्वतःच्या हातानं आकडा लिहिला आणि प्रोग्राम पुढं सोडला. छत्तीस लिहिले असते तर संशय आला असता. तेहतीसही जास्त वाटले. बराच विचार करून त्यानं साडेसत्तावीस लिहिले, कारण अर्ध्या गुणामुळे आकडा प्रामाणिक दिसतो.

समितीसमोर कागद निघाला तेव्हा आईला रडू आलं. "मी म्हणतच होती," ती म्हणाली. "पोट्टीचे ग्रहच चांगले आहेत." पहिल्या वेळी यंत्र मौन का झालं होतं, असं कोणी विचारलं नाही. काकांनी कागदावरच्या 'उत्तम'खाली सही केली आणि शिक्का उठवला.

रविवारी सकाळी तिघं गुढियारीला गेले. आई, चारुदत्तकाका आणि सौमित्र. देवीदासांचं घर रेल्वे लाइनीच्या अलीकडच्या गल्लीत. आत स्वच्छ, पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, टेबलावर पोह्यांच्या बश्या. कलावतीबाईंनी पाणी दिलं. नीलिमा येऊन वडिलांच्या शेजारी बसली. तिनं साडी नेसली होती, आणि सौमित्रला वाटलं की सगळं जमलं.

काकांनी कागद दोन्ही हातांनी पुढं केला. "साडेसत्तावीस गुण," ते म्हणाले. "समाजात एवढे सहसा येत नाहीत."

देवीदासांनी चष्मा लावून कागद वाचला. सावकाश वाचला.

"हिचं वय उणे चार लिहिलं आहे," ते म्हणाले.

"ते तांत्रिक आहे," काका म्हणाले.

"बरं. आम्ही पत्रिका मानत नाही, पण तुमच्याकडचं तुमच्याकडे. मी इंजिन चालवलं आयुष्यभर. मले एकच सांगा." देवीदासांच्या आवाजात राग नव्हता. "हा कागद निघाला नसता तर?"

"आमचं तर काहीच म्हणणं नव्हतं," आई घाईनं म्हणाली. "मले तर पोरगी आधीपासून पसंत."

"समितीचा कुठल्याही लग्नाला विरोध नसतो," काका म्हणाले.

"तुम्हाले नाही विचारून राहिलो." देवीदास सौमित्रकडे वळले. "तुम्हाले विचारतो, भैया. कागद निघाला नसता, तर आज तुम्ही आले असते का?"

नीलिमानंही त्याच्याकडे पाहिलं. सौमित्रला उत्तर माहीत होतं. ते साधं, एका शब्दाचं होतं, आणि तिला ऐकायला हवं होतं तेच होतं. पण ते आईच्या शेजारी बसून मोठ्यानं म्हणायचं होतं. त्यानं आईकडे पाहिलं. आई कागदाकडे पाहत होती. काका पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते. बाहेर लाइनीवर मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज झाला, स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, आणि सौमित्रला मनातल्या मनात आठवलं की लॅपटॉपची बॅटरी परत बसवायची राहिली आहे.

नीलिमानं पुरेसा वेळ दिला. वीस मिनिटं नाही, पण पुरेसा. मग ती काकांकडे वळली.

"काका, तुमच्या समितीत यंत्र गप्प बसलं की काय लिहितात?"

"स्थळ अयोग्य," काका सवयीनं म्हणाले, आणि मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"लिहून टाका," नीलिमा म्हणाली. तिनं वडिलांच्या हातातला कागद घेतला, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या नीट फाडून वेगळ्या केल्या आणि कागद सौमित्रच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता. "पोहे खाऊन जा. आईनं सकाळपासून केले आहेत."

ते पोहे खाऊन आले. दिवाळीनंतर नीलिमा बिलासपूरला गेली. सरोजिनीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमचं तर काहीच म्हणणं नव्हतं, साडेसत्तावीस गुण जुळत होते, त्यांनीच नाही म्हटलं. काय करता, आजकालच्या पोरींना जातपात फार. समितीनं सौमित्रला कायमचा तांत्रिक सल्लागार नेमलं आणि 'मंगलमेळ' पूर्ववत करायला सांगितलं. त्यानं तो केला. डबा घरघरतो, वीज गेली की बंद पडतो, आत अजून १९९४ साल आहे. सौमित्रनं एकदाच बोलायचं ठरवलं, तेही नीलिमाला मोबाइलवर, आणि फोन उचलला गेला नाही.

तुम्ही आता म्हणत असाल, त्यानं तिथं एक शब्द बोलायला हवा होता. एवढं काय कठीण होतं? अगदी बरोबर आहे. तुम्ही शिकलेले, सुधारलेले लोक. तुमचाही कुठल्या लग्नाला विरोध नाही, हे मला ठाऊक आहे. मग एक करा. तुमच्या घरची पोरगी उद्या आडनाव तक्त्यात नसलेल्या एखाद्या मुलाला घेऊन आली, आई शेजारी बसली आहे, सोयरे बसले आहेत, चहा गार होतोय, आणि त्या मुलानं तुमच्याकडे पाहून विचारलं की तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे, तर तुम्ही काय सांगाल, तेवढं मोठ्यानं सांगा. मी लिहून घेतो.

घाई नाही. चहा-चिवडा होऊ द्या.

बरं. लिहिलं.